दान, सक्तीची सेवा आणि मनातला हेतू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दृढीकरणाच्या (बाप्तिस्मा झालेल्याने श्रद्धा पक्की करण्याच्या विधीच्या) वर्गातली मुले, त्यांचे पालक, युवक संघ चालवणारे आणि अधूनमधून पाळकही हे प्रश्न विचारतात. काहींच्या मागे खरी तळमळ असते, काहींच्या मागे शनिवार सकाळी उठण्याचा कंटाळा. दोघांनाही उत्तर द्यायला हवे. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट जिथे वेगळे बोलतात, तिथे तसे सांगितले आहे.

हेतू शुद्ध नसेल तर केलेले दान वाया जाते का?

कोणाच्या दृष्टीने? ज्याला जेवण मिळाले त्याच्या दृष्टीने नक्कीच नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १३ व्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की मी माझे सर्वस्व गरिबांना वाटून टाकले, पण माझ्या ठायी प्रीती नसली, तर मला काही लाभ नाही. तोटा कोणाचा, हे त्याने नेमके सांगितले आहे. गरिबांच्या पोटात अन्न गेले नाही, असे तो म्हणत नाही. फिलिप्पैकरांच्या पत्रात तर तो आणखी पुढे जातो. काही लोक हेव्याने, त्याच्यावर कुरघोडी करण्यासाठी ख्रिस्ताची घोषणा करत होते. पौल तुरुंगात होता, चिडायला पुरेसे कारण होते. तरी तो म्हणतो, निमित्ताने असो की खरेपणाने, घोषणा होते आहे, आणि मला आनंद आहे.

म्हणून एक हिशेब देणाऱ्याचा आणि एक घेणाऱ्याचा, असे दोन वेगळे ठेवावेत. फक्त ते कायम वेगळे राहतील या भ्रमात राहू नये. हेतू कृतीत झिरपतो. लोकांनी पाहावे म्हणून देणारा माणूस दिसेल असेच देतो: घोंगड्या वाटतो, पण कुणाचे थकलेले भाडे भरत नाही, कारण भाड्याच्या पावतीचा फोटो चांगला येत नाही. उपकाराची जाणीव राहावी म्हणून देणारा घेणाऱ्याला रांगेत ताटकळत ठेवतो. ‘हेतू काही का असेना, मदत झाली ना’ हे वाक्य पहिल्या दिवशी खरे असते. सहा महिन्यांनी ते पुन्हा तपासून पाहावे.

‘डाव्या हाताला कळू नये’ आणि ‘तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या’ यातले खरे कोणते?

दोन्ही. आणि दोन्ही एकाच डोंगरावरच्या प्रवचनात आहेत, मत्तयाच्या पाचव्या आणि सहाव्या अध्यायात. त्यामुळे येशूला आपले आधीचे बोलणे आठवत नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही. प्राचीन धर्मगुरू ऑगस्टीनने या प्रवचनावरच्या विवेचनात याची गाठ सोडवली आहे: लोकांनी पाहणे हा दोष नाही, लोकांनी पाहावे एवढ्याचसाठी करणे हा दोष. पाचव्या अध्यायात सत्कर्मे पाहून लोक स्वर्गातल्या पित्याचे गौरव करतात. सहाव्यात ते दान देताना कर्णा वाजवणाऱ्याचे करतात.

व्यवहारात मात्र गुप्ततेचा एक धोका असतो आणि तो बोलून दाखवायला लोक कचरतात. देणाऱ्याचे नाव गुप्त असावे, पण पैशाचा हिशेब गुप्त असता कामा नये. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेला निधी नेताना पौलाने मुद्दाम मंडळ्यांनी (ठिकठिकाणच्या चर्चनी) निवडलेली माणसे बरोबर घेतली, कोणी बोट दाखवू नये म्हणून. योहानाच्या १२ व्या अध्यायात येशूच्या पायांना लावलेल्या महाग सुगंधी तेलाबद्दल ‘हे तेल विकून गरिबांना का दिले नाही’ असे कळवळून विचारणारा यहूदा आहे, थैली त्याच्याच ताब्यात होती आणि तो त्यातले पैसे लांबवत असे.

देणगीदाराच्या नावाची पाटी लावावी का? फोटो काढावेत का?

पाटी लावल्याने दान खोटे ठरत नाही. पण पाटी लावली नसती तर रक्कम दिली असती का, हे देणाऱ्याने एकदा स्वतःला विचारावे. फोटोचा प्रश्न सोपा आहे: मदत घेणाऱ्याचा चेहरा दाखवू नका. त्याने होकार दिला तरी दाखवू नका, कारण हातात शिधा पडत असताना दिलेला होकार मोकळा नसतो.

मंडळीला सेवा किंवा दान सक्तीचे करण्याचा अधिकार आहे का?

सुरुवातीच्या मंडळीचे उत्तर स्पष्ट दिसते. प्रेषितांच्या कृत्यांत हनन्या आणि सप्पीरा यांची गोष्ट आहे. शेत विकून त्यांनी काही रक्कम मागे ठेवली आणि सगळी आणली असे भासवले. प्रेषित पेत्र हनन्याला जे म्हणतो ते नीट वाचावे: शेत होते तोवर तुझेच नव्हते का? विकल्यावरही पैसे तुझ्याच हाती नव्हते का? अपराध कमी दिल्याचा नव्हता, खोटे बोलल्याचा होता. खोटे उघड होताच दोघेही कोसळून मेले. इ. स. २०० च्या थोडे आधी कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन अभिमानाने लिहितो की आमच्यात दरमहा निधी जमतो, पण ज्याची इच्छा असेल आणि ज्याला जमेल तोच देतो, सक्ती कोणावर नाही.

नंतर चित्र पालटले. ५८५ साली फ्रान्समधल्या माकाँ येथील धर्मपरिषदेने दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) न देणाऱ्याला बहिष्काराची धमकी दिली. ७७९ मध्ये फ्रँक राजा शार्लमेनने दशांश राज्याचा कायदाच करून टाकला. पुढे तो धान्याच्या रूपाने वसूल होत राहिला. फ्रान्समध्ये तो १७८९ च्या क्रांतीत रद्द झाला. इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने धान्याऐवजी रोख रक्कम आली. हजार वर्षे सक्तीने दिल्यावर लोकांची औदार्याची सवय वाढली, असे म्हणायला आधार नाही. पाद्रीबुवा आले की पेंढ्या लपवायच्या, ही सवय मात्र वाढली.

तरीही ‘सक्ती ख्रिस्ती नाही’ एवढ्यावर हा प्रश्न मिटत नाही. लेवीयच्या १९ व्या अध्यायात शेताच्या कडा कापू नका, पडलेली कणसे वेचू नका, ती गरीब आणि परदेशी यांच्यासाठी सोडा, अशी आज्ञा आहे. शेतकऱ्याला तेव्हा काय वाटते, हे तिथे कोणी विचारत नाही. ते दान नव्हतेच, तो गरिबाचा वाटा होता. जे न्यायाचे आहे ते मागण्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते मागून घेतलेल्याला ‘स्वखुशीचे’ म्हणणे. फिलेमोन या ख्रिस्ती गृहस्थाला लिहिताना पौलाने हा फरक पाळला आहे. आज्ञा करण्याचा मला अधिकार आहे, असे तो सांगतो, पण तुझे चांगुलपण भाग पडल्यासारखे होऊ नये म्हणून मी विनंतीच करतो, असेही म्हणतो.

जाता जाता: हाच पौल करिंथकरांना ‘भाग पडते म्हणून देऊ नका’ असे लिहितो आणि त्याच पत्रात मासेदोनियाच्या गरीब मंडळ्यांनी किती दिले ते ऐकवतो, शिवाय मी येईन तेव्हा तुमची तयारी नसली तर आपल्याला लाज वाटेल, हेही सांगतो. निधी जमवणाऱ्या कोणत्याही समितीला हे ओळखीचे वाटेल.

दृढीकरणासाठी ठरावीक तास सेवा करावी लागते. हा चर्चचा नियम आहे का?

कॅथलिक चर्चच्या सार्वत्रिक कायद्यात असा नियम नाही. १९८३ च्या धर्मविधिसंहितेच्या कलम ८८९ मध्ये एवढेच म्हटले आहे की समज आलेली व्यक्ती योग्य शिकवण मिळालेली, मनाने तयार आणि बाप्तिस्म्याची वचने पुन्हा उच्चारू शकणारी असावी. तासांची अट धर्मप्रांत किंवा धर्मग्राम घालतो. प्रोटेस्टंट मंडळ्यांतही ती स्थानिकच असते. म्हणजे ती बदलता येते, आणि पालकांनी बदल सुचवला तर ते देवाच्या आज्ञेला आव्हान ठरत नाही.

अट मुळातच चुकीची आहे असे मला वाटत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला वृद्धाश्रमात जावेसे आपणहून वाटेल, ही अपेक्षा भाबडी आहे. गणितही त्याला आपणहून करावेसे वाटत नाही. पण नाव बरोबर द्यावे. याला ‘प्रशिक्षण’ म्हणा, ‘अभ्यासक्रमाचा भाग’ म्हणा. ‘स्वयंसेवा’ म्हणून सक्ती केली की मूल सेवेआधी एक दुसरीच गोष्ट शिकते: मोठी माणसे सोयीने शब्द वापरतात.

या विषयावर संशोधनही आहे. सक्तीच्या स्वयंसेवेबद्दलचा एक अमेरिकी अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना आपल्यावर बाहेरून नियंत्रण आहे असे तीव्रतेने जाणवत होते, त्यांची पुढे सेवा करण्याची इच्छा सक्तीमुळे घटलेली दिसली. निवडीला वाव मिळाला की हा परिणाम सौम्य होतो. म्हणून अट ठेवायचीच असेल तर काम निवडू द्या: स्वयंपाकघर, रुग्णभेट, हिशेब लिहिणे, सामान वाहणे. लाजाळू मुलाला रुग्णाच्या खाटेशी उभे करून त्याच्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा करू नका. शेवटी निबंध मागितलात तर ‘मला खूप समाधान मिळाले’ हे वाक्य चालणार नाही, असे आधीच सांगा. भावना लिहून देण्याची सक्ती ही दांभिकतेची शिकवणी आहे. तिथे काय पाहिले, कोणाचे नाव लक्षात राहिले, काय आवडले नाही, हे विचारा. तास बुडवून खोटी सही आणणारा मुलगाही तुम्हाला भेटेल. त्याच्याशी बोलताना हनन्याची गोष्ट जपून वापरा, तिचा शेवट फार कडक आहे.

सक्तीच्या सेवेतून खरे काही निपजते का?

निपजल्याचे एक ठळक उदाहरण अमेरिकेत आहे. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र धरायला नकार देणाऱ्या तरुणांसाठी १९४१ ते १९४७ या काळात नागरी सेवेची योजना होती. मेनोनाइट, ब्रदरेन आणि क्वेकर या शांतिवादी मंडळ्यांनी तिची शिबिरे चालवली. सुमारे १२,००० तरुण तिच्यात होते. ही सेवा सरकारने लादलेली होती आणि तिला पगार नव्हता. कोणी जंगलात वणवे विझवले, कोणी जमिनीची धूप रोखण्याची कामे केली, आणि सुमारे ३,००० जणांना मनोरुग्णालयांत पाठवले गेले.

तिथली गर्दी, अस्वच्छता आणि मारहाण पाहून त्यांतल्या काहींनी नोंदी ठेवायला सुरुवात केली. ठिकठिकाणचे अहवाल एकत्र केले. १९४६ मध्ये ही माहिती छायाचित्रांसह एका मोठ्या साप्ताहिकात छापून आली आणि देशभर खळबळ उडाली. त्याच वर्षी या तरुणांनी मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय पातळीवरची संस्था उभी केली. रुग्णालयात जाण्याची त्यांना सक्ती होती, तिथे डोळे उघडे ठेवण्याची नव्हती.

मात्र हे सक्तीचे समर्थन म्हणून वापरू नये. हे तरुण आपल्या श्रद्धेपायी आधीच मोठी किंमत मोजून आले होते. त्यांच्यावर कामाची सक्ती झाली, श्रद्धेची नाही.

सेवा करताना मला काहीच वाटत नाही. मी ढोंगी आहे का?

नाही. ढोंगी तो, जो वाटत नसताना वाटते असे दाखवतो. मदर तेरेसा यांनी आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहिलेली खासगी पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. ती नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. जवळजवळ अर्धशतक आपल्याला देवाचे सान्निध्य जाणवले नाही, आत अंधार आहे, असे त्यांत आहे. काही वाचकांनी यावरून त्यांना ढोंगी ठरवले. मला ते पटत नाही. बक्षीस म्हणून एक गोड भावनाही मिळत नसताना माणूस रोज त्याच कामाला जातो, तेव्हा त्याच्या हेतूवर शंका घेण्याची जागा उलट कमी उरते. मत्तयाच्या २१ व्या अध्यायातल्या दाखल्यात एक मुलगा बापाला ‘मी जाणार नाही’ म्हणाला आणि मग द्राक्षमळ्यात गेला. तो हसतमुखाने गेला की कुरकुरत, हे येशूने सांगितलेले नाही.

स्वर्गातल्या प्रतिफळासाठी केलेले सत्कर्म स्वार्थी नाही का?

इथे मंडळ्यांची मते जुन्या काळापासून वेगळी आहेत. १५१७ मध्ये प्रोटेस्टंट चळवळीचा प्रवर्तक ल्यूथर याने पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या पापदंडमाफीच्या पत्रांविरुद्ध ९५ प्रबंध मांडले. त्यांतला ४३ वा म्हणतो की गरिबाला देणारा किंवा गरजवंताला उसने देणारा, माफीपत्र विकत घेणाऱ्यापेक्षा चांगले करतो. १५२० मध्ये ख्रिस्ती स्वातंत्र्यावर लिहिताना त्याचे म्हणणे असे होते की तारण विश्वासाने, फुकट मिळालेले आहे. आता कमवायचे काही उरले नाही, म्हणून शेजाऱ्याची सेवा मोकळ्या मनाने करता येते. ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने १५४७ मध्ये याची दुसरी बाजू धरली: चिरंतन प्रतिफळावर डोळा ठेवून सत्कर्म करणे हे पाप आहे, असे कोणी म्हणू नये.

माझ्या मते ट्रेंटचे म्हणणे माणसाला ओळखून आहे आणि ल्यूथरचे म्हणणे माणसाला हलके करणारे आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीच्या योहान कॅसियन या मठवासीयाने तीन पायऱ्या सांगितल्या होत्या: गुलाम भीतीने करतो, मजूर मजुरीसाठी करतो, मुलगा प्रेमाने करतो. गुलाम आणि मजूर यांना त्याने हाकलून दिले नाही. तिथून वर चढायचे असते, एवढेच तो म्हणतो.

मदत करताना सुवार्ता सांगितली तर ते आमिष ठरते का?

हा आरोप फार जुना आहे. रोमन सम्राट ज्युलियन ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे वळला होता. ३६२ साली त्याने आपल्या एका पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात तक्रार आहे की हे गालीली लोक (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःचे गरीब तर पोसतातच, आमचेही पोसतात. दुसरीकडे तो म्हणतो की हे लोक खाऊ दाखवून मुले पळवणाऱ्यांसारखे आहेत. टीकाकाराचे बोलणे म्हणून ते झटकू नये.

कारण कधी कधी ते खरे ठरले आहे. १८४५ नंतरच्या आयर्लंडच्या दुष्काळात काही प्रोटेस्टंट संस्थांनी कॅथलिक उपाशांना अन्न देताना धर्मशिक्षणाची अट घातली. तिथे ‘सूप घेतले’ हा पंथ बदलल्याचा टोमणा पिढ्यान्‌पिढ्या टिकला, आणि तो अट न घालता खाऊ घालणाऱ्यांनाही चिकटला. त्याच दुष्काळात क्वेकरांनी कसलीही अट न ठेवता अन्न दिले, आणि त्यांचे नाव तिथे आजही आदराने घेतले जाते.

आज लेखी मर्यादा आहेत. रेड क्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्थांनी १९९४ मध्ये केलेल्या आचारसंहितेत, मदत धार्मिक वा राजकीय भूमिका पुढे रेटण्यासाठी वापरायची नाही, असे कलम आहे. ती घडवण्यात कॅथलिक आणि ल्यूथरन मदतसंस्थाही होत्या. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या परिपत्रकात हेच लिहिले, आणि २०११ मध्ये व्हॅटिकन, जागतिक चर्च परिषद आणि इव्हँजेलिकल आघाडी यांनी मिळून गरिबीचा फायदा घेण्याविरुद्ध बजावले. श्रद्धेबद्दल कोणी विचारले तर जरूर सांगा. पण अन्नाची पिशवी आधी त्याच्या हातात गेलेली असावी, आणि ‘नको, मला ऐकायचे नाही’ म्हटल्यावर पुढच्या आठवड्यातही ती तितकीच भरलेली असावी.

माझा हेतू खरा आहे की नाही हे ओळखायचे कसे?

फार खोल खणू नका. सेवेला जाण्याआधी स्वतःला तासभर तपासणारा माणूस तासभर स्वतःचाच विचार करत असतो. लूकच्या १४ व्या अध्यायातली खूण पुरते: जे परत बोलावू शकत नाहीत त्यांना जेवायला बोलव. ज्याच्याकडून काही मिळण्यासारखे नाही, अशा किती जणांसाठी तुमचा वेळ जातो, तेवढे पाहा.

१९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे सांगायलाच हवा. प्रिन्स्टनच्या ईश्वरविद्या महाविद्यालयातल्या ४० विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन भाषण द्यायला सांगितले. काहींचा विषय होता चांगला शोमरोनी, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याचा येशूने सांगितलेला दाखला. वाटेत दारापाशी एक माणूस खोकत, कण्हत पडलेला होता. तो प्रयोगाचाच भाग होता, पण विद्यार्थ्यांना ते ठाऊक नव्हते. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. ज्यांना उशीर झालाय असे सांगितले होते त्यांच्यापैकी फक्त १० टक्के. भाषणाचा विषय शोमरोनी असल्याने लक्षणीय फरक पडला नाही, आणि विद्यार्थी कोणत्या हेतूने धार्मिक आहे यावरून तो थांबेल की नाही हे सांगता आले नाही. हेतू तपासण्याइतकाच वेळ वेळापत्रक सैल करण्यात घालवावा.

नोकरीच्या अर्जात सेवेचा उल्लेख करावा का? देणगीवर करसवलत घ्यावी का?

दोन्ही चालेल. खरे असेल तेवढेच लिहा.

हेतू उत्तम होता, तरी मदतीने घोळ झाला. असे कसे?

१६१७ साली फ्रान्समधल्या शातिओं गावी व्हिन्सेंट द पॉल यांनी प्रवचनात एका आजारी कुटुंबाची हकिगत सांगितली. दुपारी जवळजवळ सारा गाव अन्न घेऊन तिकडे निघाला. एका दिवशी खाऊन संपणार नाही इतके जमले, उरलेले नासणार आणि नंतर कोणी फिरकणार नाही, हे त्यांच्या लक्षात आले. मग पाळ्या लावणारा महिलांचा संघ त्यांनी स्थापला. पुढे पॅरिसमध्ये अशा संघातल्या उमराव स्त्रिया स्वतः जाण्याऐवजी नोकरांना पाठवू लागल्या, म्हणून १६३३ मध्ये लुईझ द मारिलाक यांच्यासह त्यांनी साध्या खेडूत मुलींचा वेगळा समुदाय उभा केला. भरून आलेल्या मनाला वेळापत्रक लागते, हे त्यांना कळले होते.

माझे सेवेचे तास पूर्ण झाले. आता थांबलो तर तो सगळा देखावा होता, असे होईल का?

होणार नाही. ठरलेले काम तुम्ही केलेत. पण तुम्ही दर आठवड्याला ज्यांच्याकडे जात होता, त्यांना तुमच्या तासांच्या तक्त्याबद्दल कदाचित काहीच माहीत नसेल. त्यामुळे अचानक गायब होऊ नका. शेवटच्या दोन-तीन भेटींआधी स्पष्ट सांगा की मी अमुक तारखेपर्यंत येणार आहे. तुमच्या जागी कोण येणार, हे समन्वयकाला विचारा आणि जमले तर त्या व्यक्तीला एकदा बरोबर न्या. आजोबांना कोणत्या कानाने ऐकू येते, वर्तमानपत्रातले कोणते पान आधी वाचून लागते, औषधाच्या वेळी गप्पा चालत नाहीत, हे सगळे तिला सांगा.